आधी बांगड्या काढ

"आधी बांगड्या काढ," तो म्हणाला. तिनं एकेक करून काढल्या, घाईत मनगट खरचटलं. त्यानं त्या ओट्यावर नीट रचून ठेवल्या, टीव्हीचा आवाज वाढवला आणि मग तिच्या पोटात लाथ मारली. ती भिंतीवर आपटली तेव्हा म्हणाला, "ओरडू नको, वरच्या काकूंना बीपी आहे." नंतर त्यानंच हळद घालून दूध तापवलं. फुंकर मारून पेला तिच्यापुढे धरला. ती प्यायली. मग त्यानं बांगड्या पुन्हा तिच्या हातात चढवल्या.

पुनमनं एवढं वाचलं आणि कागद खाली ठेवला. मग स्वप्नील म्हणाला, "काय भारी सुचलंय हो! बांगड्या काढायला लावतो आणि नंतर दूध पाजतो. एकदम दोन थर, मॅडम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुनमही हसली.

धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये, एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खोलीत मी दर रविवारी हा लिहिण्याचा वर्ग घेते. मी ज्योत्स्ना. माहेर जळगावजवळच्या असोद्याचं, केळीवाल्यांच्या घरातली. लग्नानं धुळ्याला आले, नवरा गेला, धुळं राहिलं. इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. एकदा प्राचार्यांच्या टेबलावर पेपरवेट आपटला, काच फुटली आणि नोकरीही सुटली. राग माझ्या नाकावर असतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे नंतर कुणाची कुरकुर नको.

वर्गाची पद्धत साधी आहे. अर्ध्या पानाचा प्रसंग लिहायचा. दोन माणसं, एक जागा, आणि काहीतरी घडत असलं पाहिजे. वर एक भावना दिसावी, तिच्याखाली दुसरी असावी, आणि खालचीचं नाव कागदावर येता कामा नये. 'त्याला फार वाईट वाटलं' असं कुणी लिहिलं की मी खडू फेकून मारते. माझा नेम बरा आहे. अर्ध्या पानापुढे एक ओळ गेली तरी वाचू देत नाही. एका दमात वाचून झालं पाहिजे, असं माझं म्हणणं.

आणि एक नियम आहे: प्रसंग खरा की रचलेला, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. धुळ्यात कुणीही कुणाचा तरी साडू नाहीतर मेव्हणा निघतो. हा नियम नसता तर सगळ्यांनी मला 'माझी शाळा' आणि 'आवडता सण' लिहून दिलं असतं. नियमामुळे लोक मोकळे झाले. स्वप्नीलचं मोबाइलचं दुकान आहे, त्यानं सख्ख्या भावाच्या डोक्यात पाना घालणारा माणूस लिहिला. ज्योती नावाच्या नर्सनं सुनेला झोपलेल्या सासूच्या तोंडावर दोन्ही हातांनी उशी धरायला लावली. आम्ही खूश होतो. रविवारी सकाळी खोलीत कुणी ना कुणी कुणाला तरी बदडत असायचं, आणि मधल्या सुटीत सगळे मिळून कचोरी खायचे.

पुनमच्या प्रसंगात माणूस कायम एकच असायचा. एकदा त्यानं बायकोचं डोकं पाण्याच्या पिंपात धरलं. एकदा गरम उलथणं पाठीला लावलं आणि मग पाठीवर खोबरेल लावताना स्वतःच रडला. वर्गात त्याला 'पुनमचा माणूस' असं नावच पडलं होतं. "आज पुनमचा माणूस काय करतोय?" असं विचारत लोक खुर्च्या पुढे ओढायचे. मी समासात लाल शाईनं 'उत्तम' लिहायचे.

त्या रविवारी टाळ्या चालू असताना मी तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीला पाठ टेकत नव्हती. कधीच टेकत नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्ग संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

"हे खरं आहे?"

"मॅडम, नियम तुम्हीच केलाय."

"नियम गेला खड्ड्यात. खरं आहे का, ते सांग."

ती पायरीवर बसली आणि सांगू लागली. आवाज वाचतानाचाच होता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. नवरा भूषण. पारोळा रोडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गोड बोलणारा, मोठ्या माणसांच्या पाया पडणारा. पहिल्या वर्षी मारताना तिच्या बांगड्या फुटल्या आणि काचा सासूनं पाहिल्या. सासू घाबरली, पण सुनेसाठी नाही. बायकोच्या हातातली बांगडी फुटणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर बेतणं. तिनं मुलाला 'मारू नको' म्हटलं नाही. 'आधी बांगड्या काढायला लावत जा' असं सांगितलं.

"पोलीस स्टेशनला चल," मी म्हणाले. "आत्ता. रिक्षा थांबवते."

"आणि मग राहू कुठे? आई 'राहा' म्हणाली तर आज निघते, मॅडम. आई म्हणत नाही."

आईला तिनं अनेकदा सांगून पाहिलं होतं. दर वेळी आईनं तिचे दोन्ही हात धरून वरखाली पाहिले होते. गावात मार खाल्लेल्या बाईचे हात उघडे दिसतात, अंगणात काचा पडतात, शेजारच्या घरी आवाज जातो. पुनमचे हात कायम भरलेले. मग आई म्हणायची, एक बांगडी पिचली नाही आणि म्हणे मारतो.

"आता तर तिला माहीत आहे, मी इथे गोष्टी रचायला येते," पुनम म्हणाली. "आखाजीला माहेरी जातेय. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी भूषण न्यायला येणार. तेवढ्यात आईनं ठेवून घेतलं तर वाचले." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या आठवड्यात त्यानं टीव्ही लावलाच नाही, मॅडम. आता ऐकू गेलं तरी त्याला चालतं."

मी म्हटलं, आखाजीला मी येते. तुझ्या आईला कसं पटत नाही तेच बघते.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण खानदेशात कुणी तसं म्हणत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, पुरुष दिवसभर पत्ते कुटतात आणि त्यांना कुणी बोलत नाही. पुनमचं माहेर दोंडाईच्याच्या बाजूला आहे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तिथल्या बायका मला पुन्हा नदीवर उभं करायच्या नाहीत. अलीकडच्या काठाला तिचं माहेर, पलीकडच्या काठाला सासरचं मूळ गाव; सणाला भूषणही तिथेच आलेला. मधे नदी, उन्हाळ्यात कोरडी ठाक, नुसते गोटे.

मंजुळाबाई, पुनमची आई, मला पाहताक्षणी आवडली. हाच मोठा वैताग झाला. थोराड बाई, खणखणीत आवाज, हातावर पुरणाचा मांडा असा पसरवायची की बघत राहावं. पुनमचा बाप पुना नाना सकाळपासून पत्त्यांना बसला होता, घरात फक्त बायका. मला पोटभर आमरस-मांडे खायला घातले आणि मगच "बोला, ताई" म्हणाली.

मी आडवळण घेतलं नाही. "मंजुळाताई, तुमच्या लेकीला तिचा नवरा मारतो."

"आमले नही मारं का, ताई? संसार म्हनजे आसंच ऱ्हास." मग तिनं पुनमचा हात ओढून माझ्यापुढे धरला. "पन मनी आंडेरले, मनी लेकले, तो बोट नही लावत. हाई देखा. बठ्ठ्या बांगड्या जशान्या तशा."

मी बांगड्यांचं सगळं सांगितलं. सासूचं सांगणं, ओटा, टीव्ही, दूध. ती ऐकत राहिली आणि शेवटी खो खो हसली.

"काढाले लाईसन मारस? आसं कोनी करस का वं माय! हाई ते तुमना क्लासनी गोष्ट शे. पुनमनी रचेल. जवाई मना सोनाना शे, जवय येस तवय पाय पडस."

पुनम पुरण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "माय, मी उद्या जावाव नही."

"आखाजीना दिन आसं बोलतस का? मानसे काय म्हनतीन!"

माझ्या हातात रसाची वाटी होती. ती मी भिंतीवर फेकली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ज्या वर्गात पोरगी सांगायला शिकली, त्या वर्गामुळेच तिचं सांगणं खोटं ठरत होतं. मी उठून अंगणात जाऊन उभी राहिले. मागून पुनम आली. मी म्हटलं, "चल माझ्यासोबत. माझ्याकडे राहा." ती म्हणाली, "तुमच्या दारात भूषण येईल, मॅडम. तुम्ही एकट्या. इथे आई म्हणाली ना, तर गाव उभं राहील." तिचं बरोबर होतं, म्हणून मला अजून राग आला.

उन्हं उतरल्यावर बायका गौराई बोळवायला नदीवर निघाल्या. गौराई बोळवल्या की 'बार' सुरू होतो. दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठाला उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात. खऱ्याखुऱ्या, वर्षभर साठवलेल्या. एक बाई धुण्याच्या दगडावर चढते, एका दमात काय ते ओरडते. मग पलीकडचीनं त्याला उत्तर द्यायचं. जिकडच्या बायका निरुत्तर झाल्या ते गाव हरलं. मधूनमधून ढेकळं आणि गोटेही उडतात, दोघीचौघींना लागतातच. पुरुषांनी नदीवर यायचं नाही. आणि बारात जे बोललं जातं ते तिथेच संपतं; घरी गेल्यावर कुठल्या नवऱ्यानं बायकोला त्याचा जाब विचारायचा नाही.

मंजुळाबाई या काठाची पहिली तोफ. कितीतरी वर्षं पलीकडचं गाव तिला वचकून होतं. ती दगडावर चढली, पदर खोचला आणि सुरू झाली.

"ओ वं पलीकडन्या! तुमना गावना माणसे इतला आळशी, नाकवर माशी बठनी ते हाकलाले बायकोले हाक मारतस!"

पलीकडून भूषणची बहीण दिपमाला पुढे आली. तीही माहेरपणाला आलेली. "नि तुमनं वरण इतलं पातळ, डाळना दाना धुंडाले पंचायत बठाडनी पडस!"

दोन्ही काठ हसून लोळले. एक ढेकूळ माझ्या कानाजवळून गेलं. बायकांनी मलाही दगडावर ढकललं. "मॅडम, तुम्ही बी एक द्या!" मी असोद्याच्या बोलीत ठेवून दिली, "तुमच्या गावात बैलाले अक्कल हाये, अन् मानसाले शिंगं!" माझ्या बोलीवरच दोन्ही गावं जास्त हसली. खरं सांगते, मला मजा आली. इतक्या मोठ्यानं ओरडायला माणसाला एरवी कुठे मिळतं?

मग पुनम पुढे आली. तिनं दोन्ही हात साडीच्या काठाला पुसले. वर्गात वाचायच्या आधी ती हेच करते. ती दगडावर चढली, पलीकडे सासू कुठे उभी आहे ते नीट पाहून घेतलं आणि ओरडली.

"ऐका वं बठ्ठ्या! मना नवरा दुकानथीन येस. चप्पल जोडीसन ठेवस, देवले हात जोडस. मंग म्हनस, पहिले बांगड्या काढ! बांगडी फुटनी ते नवराना जीवले धोका, आसं त्यानी मायनी त्याले शिकाडेल शे. मी काढस. तो वट्टावर रची ठेवस नि मंग मारस. मारीसन दूध तापाडस, माले पाजस, नि बांगड्या परत चढावस! उद्या हाऊ हिरा माले लेवाले येनार शे. बोला! शे का याना जवाब?"

एका दमात. एक शब्द जास्त नाही, 'मला दुखतं' असा एक शब्दही नाही. पुष्कळ रविवार घासून घासून तिनं तो प्रसंग एवढासा केला होता, नदीच्या पलीकडे फेकता येईल एवढा.

आमचा काठ हसत सुटला. बारात असंच चालतं. नवऱ्यावर, सासूवर वाट्टेल ते रचायचं. बायका टाळ्या पिटत होत्या. "जितनूत वं, जितनूत!" मंजुळाबाई तर लेकीला मिठी मारून नाचायलाच लागली. आपला वारसा लेकीनं चालवला याचा केवढा आनंद तिच्या तोंडावर! मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"बोला ना वं!" ती पलीकडे ओरडली. "दात बठी गयात का?"

पलीकडून उत्तर आलं नाही.

दिपमालेनं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. ती मागे वळून आईकडे पाहत होती. आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि ती बायकांच्या मागे सरकत होती. बाकीच्या बायका त्या दोघींकडे बघत होत्या. एकीनं हातातलं ढेकूळ हळूच खाली टाकलं.

मंजुळाबाईनं पुन्हा हाक दिली. आवाजातला जोर निम्मा झाला होता. तिच्याइतका बार कुणाला कळतो? खोट्या शिवीला त्याहून मोठी खोटी शिवी असतेच. 'तुनी पोरच आळशी', 'तुनी पोरच चोट्टी', काहीही चाललं असतं. असली शिवी मुक्यानं कुणी गिळत नाही. तिचे वर केलेले हात हळूहळू खाली आले.

"विहीनबाई," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, विचारत होती. "ओ विहीनबाई, तुम्ही ते बोला. खोटं शे म्हना. म्हना ना."

सासू खाली गोट्यांकडे बघत राहिली.

पलीकडच्या काठामागे जरा दूर लिंबाखाली पुरुषांचे पत्ते चालले होते. पुनमचा आवाज तिथवर गेलाच असणार. भूषण तिथून उठला आणि नदीत उतरला. पांढराशुभ्र नवा शर्ट, केस नीट विंचरलेले. पुरुष बारात आला म्हणून बायका आधी खिदळल्या, "जवाई उना, जवाई उना!" तो गोटे चुकवत सावकाश आला. मंजुळाबाईसमोर वाकून तिच्या पाया पडला. मग पुनमला म्हणाला, "चल. घरी चल."

"नही," पुनम म्हणाली.

त्यानं तिची वेणी धरली आणि तिचं कपाळ धुण्याच्या दगडावर आपटलं. पुन्हा उचलून पुन्हा आपटलं. या वेळी बांगड्या काढायला सांगितलं नव्हतं. तिनं आधाराला हात पुढे केले आणि दगडावर सगळ्या काचा झाल्या. रक्त भुवईवरून डोळ्यात, डोळ्यातून गालावर. बारात रक्त निघतं, पण असं कुणी पाहिलं नव्हतं.

मग मंजुळाबाईनं गोटा उचलला. हातात मावणार नाही असा, दोन्ही हातांनी. तो तिनं भूषणच्या पाठीत घातला. तो पालथा पडला, उठायला वळला, तर ही त्याच्या छातीवर बसली आणि तोच गोटा तोंडावर मारला. त्याच्या ओठाचा लगदा झाला. बायका तुटून पडल्या. कुणी लाथा घालत होतं, कुणी वाळू त्याच्या डोळ्यात कोंबत होतं, एक म्हातारी त्याच्या पिंडरीला दातांनी धरून बसली होती. मी काय केलं? मी त्याच्या बरगडीत चपलेसकट दोन लाथा घातल्या. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात दिपमाला पलीकडून धावत आली. भावाला सोडवायला आली असं वाटून आमच्या बायकांनी तिलाच धरलं, झिंज्या उपटल्या, तोंडात मारल्या. ती मार खात खात पुनमपर्यंत पोचली, तिथे खाली बसली आणि स्वतःच्या पदराचा बोळा करून तिच्या कपाळावर दाबून धरला. "वहिनी, माले माहीत व्हतं," ती म्हणत होती. "माले माहीत व्हतं, वहिनी." मग बायकांचे हात थांबले.

शेवटी पुरुष आले. भूषणला त्याच्या गावच्यांनी ओढून नेलं. तो रक्ताची पिचकारी टाकत बडबडत होता की बारातलं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. हे तो सांगत होता!

पुनमला आम्ही जीपमध्ये घातलं. मागच्या बाकावर मंजुळाबाई, तिच्या मांडीवर पुनमचं डोकं, बाजूला मी. पुढे ड्रायव्हरशेजारी तोताराम आबा बसले. गावातले वडीलधारे, त्यांच्या शब्दाबाहेर पुना नानाही जात नव्हता. पुना नाना मागून मोटरसायकलवर येत होता.

जीप दोंडाईच्याच्या वाटेला लागली. मग मंजुळाबाई लेकीच्या केसांतून वाळू काढत म्हणाली, "तू माले सांगं व्हतं."

"हा," पुनम डोळे मिटूनच म्हणाली.

"मी खरं नही मानं. त्या गप्प बठन्यात, तवय माले पटनं."

मला काय वाटलं ते सांगते. मला त्या बाईला जीपमधून ढकलून द्यावंसं वाटलं. पोटच्या पोरीनं सांगितलं, नाही पटलं. मी शहरातून येऊन सांगितलं, हसली. पोरगी दगडावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, तर नाचली. आणि पटलं कधी, तर मारणाऱ्याची आई गप्प बसली तेव्हा. आणि मी तरी कोण शहाणी? तिच्या पाठीवरच्या डागांना लाल शाईनं 'उत्तम' म्हणणारी मीच. मार खाल्लेल्या बाईनं आधी चांगलं सांगायला शिकायचं, तेही अर्ध्या पानात, आणि मग लोकांनी टाळ्या वाजवायच्या! माझे डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तोताराम आबा मान न वळवता म्हणाले, "मंजुळा, दवाखानामा इतलंच सांगज्यात. बारमा दगड लागना. आखाजी शे, कोनी काही इचारत नही. पोलीस उनात ते दोन्ही गावनं नाव जाई. पोरले आठ-पंधरा दिन ठेव माहेरले, मंग दोन्हीसले समोर बठाडीसन मिटाडी टाकूत."

"मिटवायचं काय त्यात?" मी उसळले. "डोकं फोडलंय त्यानं!"

"मॅडम, तुम्ही पाहुन्या शेतस," ते शांतपणे म्हणाले. "तिनी मायले ठरावू द्या."

मंजुळाबाई केसांतली वाळू काढत राहिली. मला तिचा चेहरा दिसत होता. आबांचं म्हणणं तिला नवीन नव्हतं, जन्मभर तिनं असंच सगळं मिटलेलं पाहिलं होतं. बारात लागलेला दगड कुणी मारला हे कुणी विचारत नाही. तसं लिहिलं गेलं असतं तर ही जखम आखाजीत जमा झाली असती आणि पुनम दोनेक आठवड्यांनी पुन्हा त्या ओट्यापाशी उभी राहिली असती. पुनमलाही हे कळत होतं. ती डोळे मिटून पडली होती, पण तिची बोटं आईच्या पदरात घट्ट रुतली होती.

सरकारी दवाखान्यात आखाजीमुळे गर्दी होती. झोक्यावरून पडलेली पोरं, डोकी फुटलेल्या बायका. डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्यानं पुनमला टेबलावर निजवलं, जखम उघडून पाहिली, नर्सला टाक्यांची तयारी करायला सांगितली आणि पेन उघडलं.

"बार ना?" तो म्हणाला. "दगड लागला असेल." आणि लिहायलाही लागला.

"हा साहेब," तोताराम आबा दारातून म्हणाले. "बारमाच."

मी पाहुणी होते. सगळं त्या बाईच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. दर आखाजीला पलीकडच्या गावाला पाणी पाजणारी ती जीभ. आता ती काय काय बोलेल, कसा उद्धार करेल, याची मी वाट पाहत होते. तिनं पुढे होऊन डॉक्टरच्या पेनावर हात ठेवला. हाताला वाळू होती, रक्तही होतं, ते त्याच्या कागदाला लागलं.

"जवाईनी मारं," ती म्हणाली.

डॉक्टरनं वर पाहिलं. "काय?"

"मना जवाईनी मारं. पहिलेपाईन मारस. लिखा."

"मंजुळा!" आबांनी आवाज चढवला. पुना नाना त्यांच्या मागे येऊन उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि आबांना बाजूला सारून आत आला.

मंजुळाबाईनं दोघांकडेही पाहिलं नाही. स्टूल ओढून ती लेकीच्या उशाशी बसली. "लिखा साहेब, मी आठेच बठेल शे. देखीसनच उठसू."

डॉक्टरनं आधीची ओळ खोडली आणि खाली नवीन ओळ लिहायला घेतली. नर्सनं अजून सुई हातात घेतली नव्हती, कुणी जखमेला हातही लावला नव्हता, आणि पुनम मोठ्यानं रडायला लागली.